भार कोणाच्या हातावर? घरच्या शटरची निवड आणि निगा

सांगलीच्या गणपती पेठेत सकाळी उभे राहिले की एकामागून एक शटर वर जाण्याचा खडखडाट कानी पडतो. व्यापारी घरात वाढलेल्या प्रत्येकाला हा आवाज परिचित आहे. आपला दिवस त्याने सुरू होतो आणि रात्री त्यानेच संपतो. पूर्वी शटर दुकानाला असे आणि घराला लाकडी दरवाजा. पुढे अनेक कुटुंबांनी पेठेतील वाडे सोडून उपनगरांत बंगले बांधले, तळमजल्यावर गाडीसाठी जागा ठेवली, आणि दुकानाचे शटर घराच्या अंगणात येऊन पोहोचले. दुकानात त्याची जबाबदारी ठरलेली असते. घरी मात्र ते कोणाचेच नसते. जो गाडी काढतो त्याचे, एवढेच.

माझा स्वतःचा व्यवसाय लोखंडी सामानाचा. शटरच्या पट्ट्या, स्प्रिंगा, बेअरिंग, कड्या, कुलपे हे सारे मी तीस वर्षांहून अधिक काळ विकत आलो. तरीही घरच्या शटरकडे माझे लक्ष नव्हते, आणि त्याची किंमत दुसऱ्याच माणसाला मोजावी लागली असती. ती हकिकत आधी सांगतो.

आमच्याकडे गाडी चालवणारे मामा वीस वर्षांपासून आहेत. होळीच्या सुमारास ते एकदा म्हणाले, "अण्णा, शटर जरा जड जातंय." मी म्हणालो, "थोडं ऑईल सोडा." जूनमध्ये त्यांनी पुन्हा विषय काढला. मी उत्तर दिले, "पावसात लोखंड आखडतंच, मामा." ऑगस्टमधील एका सकाळी त्यांनी शटर छातीपर्यंत उचलले असताना वरून फटाका फुटावा तसा आवाज झाला. खांद्यावरचे फडके पडले म्हणून मामा त्याच क्षणी एक पाऊल मागे सरकले होते. शटर सरळ खाली आले आणि दारातील पाण्याच्या बादलीचे तुकडे झाले. आतल्या पायरीवर माझी सहा वर्षांची नात दप्तर घेऊन उभी होती. शटर वर जाताच खालून पळत बाहेर जाण्याची तिची रोजची सवय.

दुपारी शटरमिस्त्री आले. पाईप उतरवून त्यांनी तिन्ही स्प्रिंगा माझ्यासमोर ठेवल्या. दोन तुटल्या होत्या. एकीची तुटलेली कडा चकचकीत होती, ती त्या सकाळची. दुसरीची कडा गंजून तांबडी झाली होती. मिस्त्री म्हणाले, "अण्णा, ही काही महिन्यांपूर्वीच गेली आहे. तेव्हापासून हे शटर दोन स्प्रिंगांवर आणि मामांच्या खांद्यावर चाललंय."

मामांनी दोनदा सांगितले होते. हिशेबाच्या वहीत एक रुपया जुळला नाही तर रात्रभर जागणारा मी, ते दोन्ही वेळा ऐकून न ऐकल्यासारखे केले होते.

शटर उचलते कोण?

शटरचे वजन किती असते याचा अंदाज आपल्यापैकी फार थोड्यांना असतो. त्याचा हिशेब सोपा आहे. दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच दारासाठी ८० चौरस फूट, म्हणजे सुमारे साडेसात चौरस मीटर पत्रा लागतो. पत्रा २० गेजचा, म्हणजे ०.९ मिलिमीटर जाड असेल, तर तो अगदी सपाट धरला तरी वजन ५० किलोच्या वर जाते. १८ गेजचा, म्हणजे १.२ मिलिमीटरचा असेल, तर ते ७० किलोच्या आसपास पोहोचते. पट्ट्यांच्या दोन्ही कडा एकमेकींत अडकण्यासाठी वळवलेल्या असतात आणि काही पट्ट्या वर पाईपवर गुंडाळलेल्या राहतात; त्यामुळे प्रत्यक्ष वजन याहून बरेच अधिक भरते. एवढे ओझे साठीचा माणूस रोज एका हाताने वर सारतो, कारण ते ओझे बहुतांशी स्प्रिंगांनी उचललेले असते.

वरच्या पाईपवर बसवलेल्या या स्प्रिंगा शटर खाली ओढताना पिळल्या जातात. शटर जितके खाली, तितका पीळ अधिक. वर नेताना हा पीळ उलगडतो आणि हाताला मदत करतो. म्हणजे शटर बंद असते तेव्हा स्प्रिंगांमधील ताण सर्वाधिक असतो. वरकरणी शांत दिसणाऱ्या बंद शटरला म्हणूनच अनोळखी हाताने खोलायला जाऊ नये.

शटरच्या रुंदीनुसार पाईपवर दोन, तीन किंवा अधिक स्प्रिंगा असतात. त्यांपैकी एक तुटली तरी शटर चालतच राहते, फक्त जड होते. शटर जड होणे हा त्याचा पहिला आणि पुष्कळदा एकमेव इशारा असतो, आणि तो मालकाला मिळत नाही. रोज शटर उचलणाऱ्या हाताला मिळतो.

निवड करताना

घर बांधताना दाराचा प्रकार बहुधा शेवटी ठरतो. तो आराखड्याच्या वेळीच ठरवावा, कारण प्रत्येक प्रकाराची जागेची मागणी वेगळी असते.

दुपाखी लोखंडी दार स्वस्त असते, त्यात स्प्रिंग नसते आणि दुरुस्ती कोणताही वेल्डर करतो. मात्र ते उघडायला समोर मोकळी जागा हवी, आणि रस्त्याकडून आत चढ असेल तर दार आतल्या बाजूला उघडताना जमिनीला टेकते. सरकत्या दाराला भिंतीच्या कडेने दाराच्या रुंदीएवढी जागा लागते. खालच्या रुळात माती बसली की ते अडते. कोलॅप्सिबल गेटमधून वारा खेळतो, पण धूळ आणि पावसाचे पाणीही येते.

रोलिंग शटरला समोर वा बाजूला जागा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. त्याला जागा लागते ती वर, गुंडाळीसाठी. दाराच्या वरच्या तुळईपासून छतापर्यंत दीड फुटाच्या आसपास मोकळी जागा आराखड्यातच सोडावी. ती नसली की गुंडाळी दाराच्या उंचीत उतरते आणि पुढे उंच गाडी घेतल्यावर तिचे छत शटरला घासते. अलीकडे बंगल्यांना आडव्या फळ्यांचे, छताखाली सरकत जाणारे सेक्शनल दार बसवतात. ते दिसायला देखणे असते आणि आवाजही कमी करते. पण त्याची किंमत जास्त असते, आणि लहान गावांत सुटे भाग व जाणकार कारागीर मिळणे कठीण जाते. आपल्या गावात जे दुरुस्त होऊ शकते तेच घ्यावे, हा सल्ला मी गिऱ्हाइकांना देत आलो.

शटरचा भाव चौरस फुटावर सांगितला जातो. त्या भावात गेज किती हे विचारल्याशिवाय भावाला अर्थ नाही. २२ गेजचा पत्रा जेमतेम ०.७ मिलिमीटर असतो. घरच्या रुंद दाराला तो हलका पडतो; चेंडू लागला तरी पोचा येतो आणि पोचलेली पट्टी गाईडमध्ये अडकते. साधारण रुंदीला २० गेज आणि रुंद दाराला १८ गेज घ्यावा. पत्रा जाड झाला की वजन वाढते, म्हणून स्प्रिंगाही त्या वजनाच्या हव्यात. पत्रा वाढवून घेतला आणि स्प्रिंगा जुन्याच हिशेबाच्या राहिल्या, हा दोष मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. पाईपच्या टोकांना बॉल बेअरिंग घ्यावे. एकदाच होणारा हा थोडासा खर्च रोजच्या श्रमात परत मिळतो.

दार फार रुंद असेल तर एकच मोठे शटर करण्याऐवजी मध्ये काढता येणारा खांब देऊन दोन शटर करावीत. वाऱ्याचा दाब विभागला जातो आणि उचलण्याचे ओझेही. रत्नागिरी, मालवण वा गोव्याकडे घर असेल तर खाऱ्या हवेत साधा रंगवलेला पत्रा लवकर गंजतो. तेथे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा ॲल्युमिनियम घ्यावे, आणि स्क्रू व कड्याही न गंजणाऱ्या धातूच्या असाव्यात.

आणखी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. शटरच्या वरच्या भागात काही पट्ट्या जाळीच्या घ्याव्यात, किंवा भिंतीत झरोके ठेवावेत. बंद जागेत गाडीचे इंजिन सुरू राहिले तर धुरातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो वरच्या खोल्यांतही शिरू शकतो. जाळी असली तरी शटर खाली असताना गाडी सुरू ठेवू नये, हा नियम घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावा. त्याचप्रमाणे तळमजल्यावरून बाहेर पडण्याचा शटर हा एकच मार्ग असू नये. आग लागली वा वीज गेली तर बाजूचे एखादे लहान दारच उपयोगी पडते. दुकानाच्या माळ्यावर नोकर वा कुटुंब झोपत असेल, तेथे तर हे दार हवेच.

कड्या आणि कुलपे

शटर जितके रुंद, तितके ते मधोमध लवचिक. केवळ मध्यभागी कुलूप असेल तर कडा उचलल्या जातात. केवळ कडांना असेल तर मध्य उचलला जातो. म्हणून दोन्ही बाजूंना कुलपे आणि मध्ये जमिनीत पक्की बसवलेली कडी, अशी तिहेरी योजना करावी. खालची जाड पट्टी आणि तिला जोडलेला कोन या दोहोंवर कुलपाचा सारा भार येतो. तेथील रिबिटे सैल झाली असतील, तर कितीही महाग कुलूप लावून उपयोग नाही. कुलपे घेताना किल्ल्यांचा संच मोजून घ्यावा आणि एक किल्ली घराबाहेर, विश्वासाच्या नातलगाकडे ठेवावी.

शटर ओढण्याची आकडी लहानशी वस्तू आहे, पण ती असलीच पाहिजे. आकडी नसली की माणूस उडी मारून शटर पकडतो किंवा दोन पट्ट्यांमधील फटीत बोटे घालून ओढतो. बोटे चिरडण्याचे अपघात तेथेच होतात.

घरी काय करावे, मिस्त्रीकडे काय सोपवावे

महिन्यातून एकदा दोन्ही बाजूंचे गाईड कोरड्या ब्रशने स्वच्छ करावेत. त्यांत घट्ट ग्रीस भरू नये. धूळ चिकटून त्याचा लगदा होतो आणि शटर उलट जड जाते. गाईडच्या आतील बाजूवर मेणबत्ती घासावी किंवा ग्रॅफाइटची पूड लावावी. ग्रीस द्यायचे ते फक्त बेअरिंगला. ग्रीसमध्ये प्राण्यांची चरबी तर नाही ना, असे आपल्या समाजातील गिऱ्हाईक मला अनेकदा विचारतात. बाजारात सर्रास मिळणारे लिथियम ग्रीस बहुधा एरंडेलापासून काढलेल्या आम्लावर आधारलेले असते. तरी शंका असल्यास उत्पादकाकडून लेखी खुलासा मागवावा.

दर सहा महिन्यांनी एक साधी परीक्षा घ्यावी. शटरखाली कोणी नाही याची खात्री करून ते निम्म्यावर आणावे आणि हात सैल करावा, पण पाय बाहेर ठेवूनच. शटर तेथेच थांबले किंवा अगदी किंचित हलले, तर स्प्रिंगा ठीक आहेत. ते वेगाने खाली येऊ लागले तर स्प्रिंग ढिली झाली वा तुटली आहे. वर उसळी मारत असेल तर पीळ जास्त दिला आहे. दोन्ही दोष मिस्त्रीचे काम आहेत.

खालच्या दोन-तीन पट्ट्या सर्वांत आधी गंजतात, कारण गाडी धुताना आणि पावसात पाणी तेथेच उडते. त्यासाठी सगळे शटर बदलण्याची गरज नसते. पट्ट्या एकमेकींतून बाजूला सरकवून काढता येतात, तेव्हा तेवढ्याच नव्या घालता येतात. गाडीचा धक्का लागून वाकलेला गाईड सरळ करता येतो. पट्ट्यांच्या टोकांना त्या आडव्या सरकू नयेत म्हणून लावलेल्या क्लिपा निघाल्या असतील तर त्या नव्याने बसवता येतात. पूर्ण शटर बदलायला सांगणाऱ्या कारागिराला 'कोणता भाग निकामी आहे तो काढून दाखवा' असे नम्रपणे म्हणावे.

स्प्रिंग मात्र स्वतः कधीही खोलू नये, आणि घरातील नोकरालाही ते काम सांगू नये. पिळलेला पाईप सुटला तर तो उलटा गरगर फिरतो आणि हाताचे हाड मोडू शकतो. एक स्प्रिंग तुटली तर सर्वच बदलून घ्याव्यात. त्या एकाच वयाच्या असतात, आणि एक गेल्यावर उरलेल्यांवर जादा भार पडलेला असतो. माझ्या घरी झाले ते हेच.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा आणखी एक धडा मिळाला. पाणी ओसरल्यावर पुष्कळांनी घाईने शटर उचलायला सुरुवात केली. पट्ट्यांच्या वळणांत आणि गाईडमध्ये गाळ भरलेला, त्यामुळे शटर नेहमीपेक्षा कितीतरी जड झालेले असते. अशा वेळी गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुऊन काढावा, दोघा-तिघांनी मिळून शटर सावकाश उचलावे, आणि वाळल्यावर बेअरिंगला नवे ग्रीस द्यावे. मोटर पाण्यात गेली असेल तर वीजतंत्र्याने तपासल्याशिवाय बटण दाबू नये.

मोटर बसवायची असेल तर

वृद्ध माणसे असलेल्या घरात मोटरचे शटर मोठी सोय आहे. परंतु हाताला शटरचा जडपणा कळतो, मोटरला तो सांगता येत नाही. ती ओढत राहते, आणि वाटेत कोणी आले तरी दाबत राहू शकते. म्हणून मोटर घेताना चार गोष्टी पाहाव्यात. शटर कोसळू लागले तर ते अडवणारा सेफ्टी ब्रेक, वाटेत अडथळा येताच शटर थांबवून उलट फिरवणारी योजना, दाराच्या दोन्ही बाजूंना खाली बसवलेले प्रकाशकिरणाचे सेन्सर, आणि वीज गेल्यावर हाताने उघडण्याची साखळी वा दोरी.

आपली अनेक मुले-मुली अमेरिकेत स्थायिक आहेत आणि तेथील घरांना मोटरचे गॅरेज दार सर्वसाधारण आहे. अशा दारांखाली मुले सापडून दगावल्यानंतर तेथे कायदा झाला. १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती मोटरना, कोणी दाराखाली अडकू नये यासाठीचे संरक्षण सक्तीचे करण्यात आले. सेन्सर जमिनीपासून सहा इंचांपेक्षा उंच नसावेत, असा तेथील दंडक आहे. रांगते मूलही त्यात यावे हा त्यामागचा हेतू. दीड इंच जाडीची लाकडी फळी दाराखाली आडवी ठेवून दार खाली सोडायचे, आणि फळीला टेकताच ते परत वर जाते का पाहायचे, ही तेथील घरगुती चाचणी आहे. अडथळ्याला टेकून उलट फिरणारी मोटर आपल्याकडे बसवली असेल, तर हीच परीक्षा आपणही महिन्यातून एकदा घ्यावी. रिमोट मात्र कोणत्याही देशात मुलांच्या हाती देऊ नये.

गुंडाळीतील पाहुणे

शटरच्या गुंडाळीवर आच्छादन नसेल तर चिमण्या तेथे घरटे करतात. सकाळी शटर वर जाताना त्या घरट्याचे काय होते, हे आपण पाहत नाही एवढेच. म्हणून गुंडाळीला पत्र्याचे आच्छादन घ्यावे आणि त्याच्या बाजूच्या फटीही बंद कराव्यात. घरटे आधीच झाले असेल आणि त्यात अंडी असतील, तर पिल्ले उडून जाईपर्यंत साधारण महिनाभर, शक्य असल्यास गाडी बाहेर उभी करून शटर आहे त्या स्थितीत ठेवावे. आच्छादन त्यानंतर बसवावे. शटर सोडण्यापूर्वी गाईडवर एकदा हात आपटण्याची सवयही चांगली. तेथे बसलेली पाल वा खार सावध होऊन निघून जाते.

शेवटी

त्या प्रसंगानंतर आमच्या शटरला तीन नव्या स्प्रिंगा, दोन बेअरिंग आणि खालच्या दोन पट्ट्या घातल्या. हा सारा खर्च माझ्या दुकानातील एका दिवसाच्या गल्ल्याहून कमी होता. होळीला पहिल्यांदा ऐकले असते तर एकाच स्प्रिंगच्या तुटण्यावर तो प्रश्न मिटला असता.

दिवाळीत वहीपूजन झाल्यावर मी आता नव्या वहीच्या मागच्या पानावर घराच्या शटरची नोंद करतो. स्प्रिंगा कधी बदलल्या, मिस्त्री कधी येऊन गेले, निम्म्यावरची परीक्षा कधी घेतली, हे सारे त्यात असते. नोंद लिहिण्यापूर्वी मामांना हाक मारतो आणि विचारतो, "मामा, शटर कसं जातंय?" गेल्या दिवाळीला ते म्हणाले, "हलकं आहे अण्णा. पण पेठेतल्या दुकानाचं डावं शटर जरा जड झालंय."

दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींना बोलावले.